हलक्या डेस्कटॉपच्या यादीत मराठी राहून गेली

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले. त्याच सुमारास आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या संगणकावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकून त्याला स्वतःच्या आवडीचा हलका डेस्कटॉप कसा जोडावा, हे सांगणारा अर्धं पान लेख आला होता. मी तो कापून ठेवला आणि दिवाळीच्या सुट्टीत समोर ठेवून ओळीबरहुकूम काम केलं. त्यात जे अनुभवाला आलं ते आपल्याला आणि आपल्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. कापावंच लागलं तर मधलं कापा, शेवटचा भाग ठेवा, एवढी विनंती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. आता संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं काम बघते. गावच्या चाकरमान्यांनी मुंबईच्या एका कार्यालयातून निघालेले चार संगणक गणपतीला येताना टेम्पोतून आणून दिले, आणि एक जुना छोटा लॅपटॉप वाचनालयाकडे आधीपासून होता. चारही संगणक चांगले चालू, पण त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे बसत नाही. लॅपटॉप तर ३२ बिटचा, म्हणजे आणखी जुन्या धाटणीचा. मुलं इथे येऊन प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, मोठी माणसं सातबारा बघतात, आणि आमच्या पुस्तकांची नोंदवही, सभासदांची यादी, सभांचे ठराव, सगळं मराठीत आहे. इंग्रजीत फक्त वीजबिलाचा ग्राहक क्रमांक.

लेखातली कृती थोडक्यात अशी होती. डेबियन १२ घ्या (डेबियन हे लिनक्सचं एक वितरण, म्हणजे तयार संच), कारण १३ पासून ३२ बिटच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलरच येत नाही (हे खरं आहे आणि लेखकाने ते आवर्जून सांगितलं, याबद्दल त्यांचे आभार). बसवताना डेस्कटॉपच्या चौकटीतली खूण काढून टाका. नुसती काळी पाटी येईल. मग एका कमांडने खिडक्या सांभाळणारं ओपनबॉक्स, टिंट२ ची पट्टी, फायलींसाठी पीसीमॅनएफएम, फायरफॉक्स असं हवं तेवढंच घाला. आणि वजन वाढू नये म्हणून त्या कमांडीत ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय लावा. त्यानंतर ‘स्टार्टएक्स’ म्हटलं की तुमचा डेस्कटॉप तयार.

आमच्याकडे इंटरनेट म्हणजे माझ्याच मोबाइलचा डेटा. तो रोजच्या रोज मोजून मिळतो. त्यामुळे वजन कमी करणारा पर्याय वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पहिली अडचण छपाईतच होती. त्या पर्यायाआधी दोन छोट्या रेघा लागतात, एकीला लागून दुसरी. आपल्या पानावर त्यांची एकच लांब रेघ झाली होती, आणि तशी टंकली की कमांड ओळखलीच जात नाही. शिवाय पॅकेजच्या, म्हणजे बसवायच्या प्रत्येक प्रोग्रामच्या, नावांत मुळातच छोट्या रेघा असतात. स्तंभ अरुंद असल्यामुळे दोन नावं ओळीच्या टोकाला तुटली होती. तिथली रेघ नावातली की ओळ तोडण्यासाठी घातलेली, हे कळायला मार्ग नव्हता. कवितेची ओळ अशी तुटली तर वाचक सांभाळून घेतो. संगणक सांभाळून घेत नाही.

ते निस्तरल्यावर कमांड चालली आणि लगेच थांबली. ‘ऑबमेनू नावाचं पॅकेज सापडत नाही’ एवढंच उत्तर. यादीत नऊ नावं होती. मला वाटलं आठ बसली, एक राहिलं. तसं होत नाही. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं उतरवून बसवणारं साधन. ॲप्टला यादीतलं एक नाव सापडलं नाही की तो बाकीच्यांनाही हात लावत नाही. ऑबमेनू हे ओपनबॉक्सचा मेनू बदलण्याचं जुनं साधन, पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली आणि डेबियन १२ मध्ये पायथन २ राहिलेलंच नाही, मग त्याच्यावर उभी असलेली साधनं कुठून राहणार? म्हणजे लेखातली यादी डेबियन १२ वर एकदाही चालवून पाहिलेली नव्हती. कुठल्यातरी जुन्या यादीवरून ती उतरवून घेतली असावी. हे मी रागाने लिहीत नाही. वर्गात फळ्यावर गणित घालण्याआधी आम्ही ते घरी सोडवून आणायचो, तीच अपेक्षा इथे आहे.

ते नाव वगळलं. सगळं उतरलं, बसलं. ‘स्टार्टएक्स’ म्हटलं. करडा पडदा आला, मधोमध माउसचा बाण, आणि तो हलेना. माउस बदलला. कीबोर्डचीही कळ लागेना. शेवटी पॉवरचं बटण दाबून संगणक बंद केला. दोन वेळा हेच झालं तेव्हा शिपाईमामा म्हणाले, “बाई, यंत्रंच खराब दिलीत वाटतं मुंबईकरांनी.” यंत्रं खराब नव्हती. लेखकाने हलकेपणासाठी पडद्यावर खिडक्या दाखवणारं पूर्ण ‘एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग’ न घेता त्यातला फक्त ‘कोअर’ भाग घेतला होता. पूर्ण पॅकेज स्वतःसोबत माउस-कीबोर्डचे ड्रायव्हर मागून घेतं, नुसता कोअर ते मागत नाही. ‘लिबइनपुट’ नावाचा एक छोटा ड्रायव्हर घातला आणि बाण हलला. यासाठी आमची एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवी-आठवीतली पाच-सहा मुलं जमली होती. वाचनालयाच्या पेनड्राइव्हमधल्या फायली आत घ्यायच्या होत्या. पेनड्राइव्ह लावला तर तो दिसेचना (त्याबद्दल पुढे). तो हाताने कमांड देऊन जोडला आणि फोल्डर उघडलं. आत ‘ठराव’, ‘सभासद’, ‘नोंदवही’ अशा नावांची फोल्डरं असायला हवी होती. तिथे नुसते चौकोन होते. बारीक चौकटी, प्रत्येकीत चार आकडे, दोन वर आणि दोन खाली. पहिल्या फोल्डरच्या पहिल्या चौकोनात वर ०९, खाली २०. दुसऱ्यात वर ०९, खाली ३०. तिसऱ्यात ०९ खाली ३ आणि रोमन ई. चौथ्यात ०९ आणि ३५. हाच आमचा ‘ठराव’. ठ, र, काना, व.

त्या आकड्यांचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. एका मुलीने वहीत ते उतरवून घेतले आणि माझ्या मोबाइलवर फायलींची नावं बघून अक्षरापुढे आकडा मांडत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “बाई, क ०९१५ आहे, ख १६, ग १७, घ १८. हे तर आपल्या वर्णमालेच्याच क्रमाने आहेत.” खरंच तसं आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि व्यंजनांचा क्रम आपल्या बाराखडीच्या तक्त्यासारखाच लागतो. संगणकाला अक्षर कुठलं ते पुरतं माहीत असतं. ते काढून दाखवायला वळण, म्हणजे अक्षरसंच, त्याच्याजवळ नसतो, म्हणून तो बिचारा अक्षराचा क्रमांक लिहून चौकोन काढतो. आमच्या पाचही यंत्रांवर डेजाव्हू नावाचा एकच अक्षरसंच आला होता, आणि त्यात देवनागरी नाही.

यात आणखी एक फसगत आहे, ती मुद्दाम सांगते. आदल्या रात्री मी एका ई-पेपरचं पीडीएफ उघडून पाहिलं होतं आणि ते अगदी स्वच्छ मराठीत दिसलं होतं. त्यावरून मी निश्चिंत झाले. पीडीएफमध्ये अक्षरसंच बहुधा आतच बांधून दिलेला असतो, म्हणून तिथे दिसतं. साध्या फायलीत, फोल्डरच्या नावात, अर्जाच्या चौकटीत तशी सोय नसते. लेखकानेही कदाचित एखादं पान उघडून ‘मराठी दिसते’ असं ठरवलं असेल.

मग मी या पॅकेजांचा कारभार समजून घ्यायला बसले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीत आहेत, ते मी निवृत्तीनंतर पाहिले होते. त्यामुळे भीती नव्हती. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्याला काय काय लागतं हे तीन पायऱ्यांनी सांगतं. ‘डिपेंड्स’ म्हणजे याशिवाय चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे शिफारस: विरळा अपवाद सोडला तर हे सोबत असायलाच हवं. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर आणखी बरं. उकडीच्या मोदकाला पिठी, नारळ, गूळ ही पहिली पायरी. वरचं तूप ही दुसरी. केशर तिसरी. तुपाशिवाय मोदक होतो, वाफेवर शिजतोही, पण आमच्याकडे कुणी तो तसा पानात वाढणार नाही. डेबियनच्या नियमावलीत रेकमेंड्सचा अर्थ इतकाच जोरकस आहे, म्हणूनच २००९ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ॲप्ट ही दुसरी पायरी न सांगता आपणहून बसवतो.

लेखातल्या त्या एका पर्यायाने ही दुसरी पायरी सबंध कापली जाते. आणि आमचं जे जे काही गेलं, ते बहुतेक याच पायरीवरचं होतं.

पेनड्राइव्ह दिसत नव्हता, कारण पीसीमॅनएफएमला त्यासाठी जीव्हीएफएसची जोड लागते आणि ती शिफारशीत. फोल्डरांना चित्रंच नव्हती, कारण आयकॉनचा संच शिफारशीत. पेनड्राइव्ह जोडायला परवानगी विचारणारी खिडकी येत नव्हती, कारण ती विचारणारा पॉलकिटचा मदतनीस कुणी बसवलाच नव्हता. क्लिक करावं आणि काहीच होऊ नये, चूकही दिसू नये. शिकवणाऱ्याला सगळ्यात त्रास देणारी गोष्ट हीच. मूल चुकलं तर सांगता येतं, पण गप्प राहिलं तर काय समजायचं?

टंकनाचंही तेच. मी अक्षरसंच वेगळा घातला, आयबस हे भारतीय भाषा टंकायचं साधन घातलं, त्यात मराठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्डचा तक्ता निवडला. कोपऱ्यातली निशाणी मराठी दाखवू लागली. क साठी के दाबलं की रोमन के उमटे. आयबस होतं, मराठीचा तक्ता होता, पण आयबसला खिडक्यांशी जोडणारं ‘आयबस-जीटीके३’ हे छोटं पॅकेज नव्हतं. ते घातलं, पुन्हा लॉगिन केलं, आणि के दाबल्यावर क आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मधे एक वळण चुकलं तेही लिहिते, कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात. माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने फोनवर सांगितलं, “मावशी, उबंटूच्या नव्या आवृत्तीची रिपॉझिटरी यादीत घाल, सगळं मिळेल.” उबंटू हे दुसरं वितरण, आणि रिपॉझिटरी म्हणजे पॅकेजांचा साठा. एका यंत्रावर तसं केलं. ॲप्ट म्हणू लागला की अमुक पॅकेजला लिबसी६ ची २.३८ किंवा पुढची आवृत्ती हवी आहे. डेबियन १२ मध्ये ती २.३६ आहे. लिबसी६ हा सगळ्या घराचा पाया. वरची खोली नवी बांधायची म्हणून तो उपसायला निघालं तर बाकीच्या भिंती हलणारच. त्याला मान्यता दिली तर काय काय काढून टाकणार याची लांबलचक यादी ॲप्टने दाखवली होती. मी ती पूर्ण न वाचता होय म्हटलं. त्या यंत्रावर परत पहिल्यापासून डेबियन बसवावं लागलं आणि दोन दिवसांचा डेटा गेला. पॅकेज सापडत नाही म्हणून दुसऱ्या वितरणाचं किंवा दुसऱ्या आवृत्तीचं आणून जोडू नये, हे डेबियनवाले स्वतः ठळकपणे सांगतात. लेखात हा इशारा एका वाक्यात मावला असता. ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हा संदेश येतो तेव्हा आपण काही धरून ठेवलेलं असतंच असं नाही. बहुतेक वेळा मागितलेली आवृत्ती आपल्या रिपॉझिटरीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हेही कुणीतरी मराठीत लिहायला हवं होतं.

आता जे सापडलं ते सांगते. त्याच्यासाठीच हे पत्र.

डेबियनमध्ये ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ नावाचं एक पॅकेज आहे. कुणी कधी बसून विचार केलेला आहे की मराठी माणसाच्या डेस्कटॉपला काय काय लागतं, आणि त्याची यादी तिथे मांडून ठेवलेली आहे. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर मराठीत चालतो. पहिल्याच पडद्यावर मराठी निवडली आणि पुढे एखादा डेस्कटॉप निवडला, तर ही यादी न मागता सोबत येते. ६४ हजारांहून अधिक पॅकेजांच्या त्या साठ्यात आपल्या भाषेची ही एक छोटी जागा कुणीतरी राखून ठेवली आहे, हे पाहून मला भरून आलं.

आणि आम्ही काय केलं? भाषा इंग्रजी निवडली, कारण लेखातली चित्रं इंग्रजीत होती. डेस्कटॉपवरची खूण काढली, कारण लेखात तसं सांगितलं होतं. म्हणजे मराठी आपणहून येण्याच्या दोन्ही वाटा आम्ही स्वतः बंद केल्या. पुढे समजा कुणी ते पॅकेज आठवणीने मागितलं असतं, तरी लेखातला तो पर्याय लावून ते जवळजवळ रिकामंच आलं असतं. कारण या टास्क-पॅकेजांमधली बहुतेक नावं शिफारशीच्या पायरीवर आहेत. डबा येतो, आत काही नसतं, आणि संगणक म्हणतो सगळं व्यवस्थित बसलं.

इंग्रजीत काम करणाऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही. त्याची लिपी पहिल्या पायरीवर आहे, ती कुठलाही पर्याय लावला तरी येते. आपली दुसऱ्या पायरीवर आहे. म्हणून हलकं करण्याच्या नादात सगळ्यात आधी आपली लिपी उतरवली जाते, आणि उतरवणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. मराठी वाचकांसाठी लिहिणाऱ्याने ती हाताने परत वर उचलून ठेवली पाहिजे. मराठी अक्षरसंच आणि मराठी टंकन यांना ‘असलं तर बरं’ किंवा ‘बहुधा हवं’ म्हणून चालणार नाही. आमच्या वाचनालयात त्यांच्याशिवाय संगणक सुरू करण्यात अर्थच नाही.

वजनाचीही भीती घालू नये. अक्षरसंच आणि टंकनाची सोय मिळून जे उतरलं, ते फायरफॉक्सच्या मानाने फार थोडं होतं. जड असतात ती ऑफिसची साधनं, खेळ, मोठाल्या डेस्कटॉपचा सगळा लवाजमा. ते जरूर गाळा. पण एकच कात्री सरसकट चालवण्याऐवजी ‘ॲप्ट शो’ ही कमांड देऊन त्या त्या पॅकेजच्या शिफारशी वाचाव्यात आणि मग ठरवावं. प्रत्येक पॅकेजमागे दोन मिनिटं लागतात.

लिपीचं वळण हा शिक्षिका म्हणून माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तेवढं लिहिते आणि विनंतीकडे वळते. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीचे आकार राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवले आहेत. मुलं शाळेत तेच गिरवतात. संगणकावर मात्र बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात आणि मुलं विचारतात, बाई, यातला बरोबर कुठला. नोटो या अक्षरसंचात दोन्ही वळणं आहेत. संगणकाची भाषा ‘मराठी, भारत’ अशी नेमली की तो मराठी वळण दाखवू शकतो. त्यासाठी लोकेल, म्हणजे त्या भाषेची आणि देशाची मांडणी, तयार करावं लागतं आणि त्याबद्दलही लेखात चकार शब्द नव्हता. आमच्या चार यंत्रांवर आता मेनूमध्ये पाकळीचा ल दिसतो. लॅपटॉपवर अजून करायचं आहे.

केरळमध्ये शाळांसाठी काईट ही सरकारी संस्था स्वतःचं लिनक्स तयार करून देते, त्यात मलयाळम घरचीच असते. शिक्षकाला पॅकेजं शोधत बसावं लागत नाही. आपल्याकडे सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक-संशोधन संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे, भारतीय भाषांसाठी बॉस नावाचं डेबियनवरच आधारलेलं लिनक्स त्याच संस्थेने काढलं आहे. पण आमच्या तालुक्यातल्या एकाही शाळेत ते चाललेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. शिक्षण विभागाने मनावर घेतलं तर हे काम होण्यासारखं आहे. तोवर आमच्यासारख्यांना वर्तमानपत्रातल्या लेखाचाच आधार, म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त आहे असं मी म्हणते.

तर विनंती अशी. त्या लेखाची दुरुस्ती छापावी. ‘ऑबमेनू’ काढून टाकावं, ‘कोअर’च्या जागी पूर्ण ‘एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग’ घालावं, आणि ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावायचंच असेल तर त्यामुळे काय काय हाताने घालावं लागेल ते त्याच चौकटीत सांगावं. पुढेही असा लेख येईल तेव्हा कमांड कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या महिन्यात चालवून पाहिली हे लेखाखाली असू द्या. यादी जुनी होते, त्यात लिहिणाऱ्याचा दोष नाही. पण तारीख असली तर वाचक सावध राहतो. आणि छापण्याआधी त्या यंत्रावर एक फोल्डर करून त्याला ‘ठराव’ असं नाव देऊन पाहावं, तेही त्याच कीबोर्डवर टंकून. दिसलं आणि टंकता आलं, तरच ती कृती मराठी वाचकांसाठी पूर्ण झाली असं समजावं.

आम्ही पाचही यंत्रांवर चालवून पाहिलेली यादी सोबत वेगळ्या कागदावर पाठवते आहे. पत्रात सगळी नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, पण टंकायला ती रोमनमध्येच लागतात, म्हणून कागदावर ती रोमनमध्ये आहेत. त्यात एक्ससर्व्हर, ओपनबॉक्स, टिंट२, पीसीमॅनएफएम, जीव्हीएफएस, एक टर्मिनल, एक आयकॉनसंच, एलएक्सपॉलकिट, फायरफॉक्स, आणि मराठीसाठी लोहित देवनागरी आणि नोटो हे अक्षरसंच, आयबस, आयबस-एम१७एन, आयबस-जीटीके३ एवढी नावं आहेत. लॅपटॉपवर कुठलीही अडचण आली नाही, फक्त फायरफॉक्स सावकाश उघडतो. कागद त्या मुलीच्या अक्षरात आहे, तिने नावं तीन वेळा ताडून पाहिली आहेत. ती छापताना रुंद चौकटीत, एका ओळीत एक नाव अशी घ्यावीत, म्हणजे ओळीच्या टोकाला तुटणार नाहीत. आणि जिथे दोन छोट्या रेघा आहेत तिथे त्या दोनच राहतील, एवढं जुळणी करणाऱ्यांना आठवणीने सांगावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी